सांड्याची बोटं

सरडेमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता दोनच उरली होती. एक पगार काढणारा कारकून आणि दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर, आणि तेही समोर कागद असला तरच. बाकी सगळ्यांना ते सरडेमामा. शाळेतली पोरं त्यांना मामा म्हणत, पोरांच्या आया मामा म्हणत, आणि वयाने त्यांच्याहून मोठा असलेला पोस्टमनसुद्धा सायकलवरून एक पाय खाली टेकवून विचारायचा, "काय सरडेमामा, उठली का तुमची मंडळी?"

मंडळी म्हणजे सांडे. थंडी ओसरायला लागली की बिळांची दारं फोडून ते बाहेर येतात, आणि पहिला सांडा कोणत्या दिवशी बाहेर आला हे मामांना जितकं नेमकं ठाऊक असे तितकं त्यांना स्वतःच्या लग्नाचा दिवसही ठाऊक नव्हता. मामींनी त्यावरून त्यांना पुष्कळदा धारेवर धरलं होतं. 

डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे संशोधन केंद्राच्या चार खोल्या होत्या, वर पत्रा, मागे तारेचं कुंपण घातलेला रखरखीत माळ. त्या माळावर मामांनी एकतीस वर्षं काढली. नोकरीच्या कागदावर त्यांचा हुद्दा 'क्षेत्र सहायक' असा होता. करायचं काय, तर सांडे पकडायचे, मोजायचे, वजन करायचं, खूण करायची आणि ज्याचा त्याला त्याच्या बिळापाशी परत सोडून द्यायचं.

सांडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. हातभर लांब, जाडजूड सरडा. शेपटीवर ओळीने काट्यांची कडी. दिसतो असा की नवखा माणूस दहा पावलं मागे सरकेल, आणि खातो काय, तर पानं, फुलं, शेंगा. पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, पाल्यातल्या ओलीवर त्याचं भागतं. अंगात जास्त झालेलं मीठ नाकावाटे बाहेर टाकतो, त्यामुळे पुष्कळांच्या नाकपुड्यांभोवती पांढरी पूड दिसते. सकाळी बिळातून निघतो तेव्हा काळपट असतो, म्हणजे ऊन लवकर अंगात मुरतं. अंग तापलं की हळूहळू पिवळट, फिका होत जातो. त्याच्या चरबीचं तेल काढून विकणारे लोक आहेत आणि त्या तेलाने सांधे मोकळे होतात असं मानून ते चोळणारेही आहेत. सांधे जिथल्या तिथे राहतात, सांडा तेवढा जीवानिशी जातो.

मामा हे सगळं शाळेतल्या पोरांना सांगत, आणि शेवटी सांगत बिळाच्या दाराची गोष्ट. सांडा एकटा राहतो. जमिनीत पुरुषभर खोल, वळण घेत जाणारं बीळ तो आपल्या पुढच्या पायांनी खणतो. ऊन उतरलं की आत शिरतो आणि आतून माती ओढून, दाबून तोंड बंद करतो. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे बीळ होतं असं वाटतही नाही. थंडीचे चार महिने तो त्या दारामागे झोपतो, काही खात नाही, आणि नवी पिल्लं पहिली थंडी आईबरोबर तिच्याच बिळात काढतात. साप, घोरपड, कोल्हा ही सगळी मंडळी बाहेर फिरत असतात. त्यांच्यात आणि सांड्यात असतं काय, तर ते एक मातीचं दार.

"आणि ते दार तो कशाने लावतो?" मामा विचारत.

"बोटांनी!" सगळा वर्ग ओरडे.

पोरांनी बरोबर उत्तर दिलं की मामा मान हलवत आणि खिशातला रुमाल काढून उगाचच चष्मा पुसत बसत. वर्गाच्या बाईंना वाटे, मामा हळवे आहेत. हळवे ते होतेच, पण ह्या ठिकाणी कारण वेगळं होतं, आणि ते कारण समजायला एकतीस वर्षं मागे जावं लागेल.

तेव्हा ते कुणाचेच मामा नव्हते. बसस्थानकाजवळच्या एका शिंप्याच्या दुकानात काज करायचे. दिवसभर काज, सदऱ्याला सात, कोटाला चार. मालक शर्ट शिवी, कॉलर बसवी, गिऱ्हाइकांशी गप्पा मारी, आणि हे कोपऱ्यात मान खाली घालून बोटभर कात्रीने कापडाला चीर देत आणि दोऱ्याने ती बांधून घेत. हात मात्र असा होता की कापडाला कळू नये. तिथे एक दिवस संशोधन केंद्राचे साहेब आले. चष्म्याची काडी सुतळीने बांधलेली, खांद्याला झोळी. त्यांना चाळीस पिशव्या हव्या होत्या, तोंडाला नाडी असलेल्या.

"आत काय ठेवणार?" कोपऱ्यातून प्रश्न आला.

"सांडे," साहेब म्हणाले.

"जिवंत?"

"जिवंत."

"मग शिवण बाहेरून घ्यायला हवी. आतून घेतली तर दोऱ्यात नखं अडकतील त्यांची."

साहेबांनी वळून पाहिलं. पिशव्या तयार झाल्या त्या दिवशी ते पिशव्या आणि काज करणारा, दोन्ही घेऊन गेले. मालक पुढे कित्येक दिवस गिऱ्हाइकांना सांगत होता की असा माणूस घेऊन जाणं म्हणजे सुईच पळवण्यातला प्रकार झाला.

साहेबांना हवा होता तो हात. सांड्यांचा अभ्यास करायचा तर कोणता सांडा कोणता हे कळायला हवं, आणि सगळे दिसतात सारखे. रंग लावला तर कात टाकताना निघून जातो. तेव्हा सगळीकडे वापरली जाणारी रीत एकच होती, बोटं कापायची. चार पाय, प्रत्येकी पाच बोटं, एकंदर वीस. डाव्या पुढच्या पायाची एक ते पाच, उजव्या पुढच्याची सहा ते दहा, आणि तसंच मागे. सांड्याचं तीन नंबरचं बोट पेराशी कापलं की तो झाला 'तीन'. तीन आणि बारा कापली की 'तीन-बारा'. एकाचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, तो मेला तरी नाही. पहिल्या वीस सांड्यांचं एकेकच बोट गेलं. पुढच्या एकशे नव्वदांची दोन दोन.

हे काम सगळ्यांना जमत नाही. हात थरथरला तर जखम चिघळते, कात्री रेंगाळली तर प्राणी घाबराघुबरा होतो. मामांनी काजाची कात्री आणली, धार लावली, आणि सांड्याला समजायच्या आत बोट वेगळं करायला लागले. रक्ताचा एखादा थेंब, औषधाचा बोळा, झालं. दुसऱ्या केंद्रांतून लोक बघायला येऊ लागले. एकदा परदेशचे पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर मामांनी एका सकाळी अकरा सांड्यांना खुणा केल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेब मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा हात मी शिंप्याच्या दुकानातून पळवला!" कोपऱ्यात मान खाली घालून बसणाऱ्या माणसासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मामा घरी आले ते एक वीत उंच होऊन. मामींनी त्या दिवशी दोनदा तेच ते ऐकलं आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अहो, जेवा आता. टाळ्यांनी पोट भरलं का?"

हे पाचव्या वर्षी. सहाव्या वर्षी साहेबांनी नवीन काम लावलं: संध्याकाळी माळावर बसून कोणता सांडा किती वाजता आत जातो आणि किती वेळात दार लावतो ते टिपायचं. मामा दुर्बीण घेऊन बसू लागले.

'सात-नऊ' नावाची एक मादी होती. उजव्या पुढच्या पायाची दोन बोटं कापलेली. त्या वर्षी तिला अकरा पिल्लं झाली होती आणि सकाळी ती बिळाच्या तोंडाशी ओळीने ऊन खात बसत. मामांचा तिच्यावर जीव होता, हे ते कुणाला सांगत नसत इतकंच. त्या संध्याकाळी ती आत गेली, वळली, माती ओढू लागली. डावा पाय माती आणायचा आणि उजव्या पायातून ती सांडून जायची. पुन्हा आणायची, पुन्हा सांडायची. पंधरा मिनिटांनी ती थांबली. दाराच्या उजव्या अंगाला बोटभर फट तशीच राहिली.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी तेच, फट उजवीकडेच. मग मामांनी इतरांकडे पाहायला सुरुवात केली. पुढच्या पायांची बोटं गेलेल्या बहुतेकांचं दार एका अंगाने कच्चं होतं, आणि जे अंग कच्चं त्या अंगाची बोटं गेलेली. मागची बोटं गेलेल्यांचं बरं चाललं होतं. महिनाभर मामांनी हे कुठे लिहिलं नाही, नुसतं पाहिलं. आणि थंडीच्या तोंडाशी एका सकाळी 'सात-नऊ'च्या बिळाचं दार फुटलेलं दिसलं. घोरपडीच्या पावलांचे ठसे आत गेले होते आणि पोट ओढल्याच्या खुणेसकट बाहेर आले होते. पिल्लंही नव्हती. मामा तिथेच उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामी बालवाडीत सेविका होत्या, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांच्या नाड्या बांधून दमलेल्या, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग साहेबांना सांगा ना."

"सांगतो."

"सांगतो नाही, उद्याच सांगा. मुकी जनावरं ती."

"उद्याच सांगतो," मामा म्हणाले, आणि ते खरंच ठरवून गेले होते.

आता बघा कसं असतं. सांगायची तयारी करून गेलेल्या माणसाला साहेबांनी आपणहूनच विचारलं. वहीत हिशेब मांडून बसले होते. एका बोटाचे नंबर संपले होते, दोन बोटांचेही त्याच आठवड्यात संपले होते. येत्या उन्हाळ्यापासून तीन तीन बोटं कापावी लागणार होती.

"तू त्यांना रोज बघतोस," साहेब म्हणाले. "मी आठवड्यातून एकदा बघतो. खरं सांग, खूण केलेल्यांना काही त्रास होताना दिसतो का? चालण्यात, खाण्यात, खणण्यात? असेल तर आपण हे थांबवू. दुसरा काहीतरी मार्ग काढू."

विचारणारा माणूस चांगला होता. प्रश्न स्पष्ट होता. त्यात 'खणण्यात' हा शब्दसुद्धा होता. आणि मामांच्या डोळ्यांसमोर काय आलं, तर शिंप्याच्या दुकानातला तो कोपरा. हे थांबवायचं म्हणजे कात्री थांबवायची. कात्री थांबली तर आपण कोण? पिशव्या शिवणारा? वजनाचा काटा धरणारा? टाळ्या वाजवणारे पाहुणे पुन्हा आले तर त्यांना काय दाखवायचं?

"काही नाही साहेब," मामा म्हणाले. "मजेत आहेत सगळे."

साहेबांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. पुढे साहेबांचं पुस्तक निघालं. त्यात एक वाक्य होतं: रोज निरीक्षण करणाऱ्या सहायकाला खुणा केलेल्या प्राण्यांत कोणताही दोष आढळला नाही. मामांना ते कुणीतरी वाचून दाखवलं. ऐकताना त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला.

मामांना वाटलं होतं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग वाटलं, उन्हाळा लागायच्या आत सांगू. उन्हाळा लागला, पहिल्या सांड्याची तीन बोटं गेली, आणि त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता "इतके दिवस का बोलला नाहीस" हाही प्रश्न येणार होता. अशा गोष्टी दिवसागणिक जड होत जातात. काही वर्षांनी तीन बोटांचेही नंबर संपले आणि चार सुरू झाली. दरवर्षी बिळं कमी होत गेली. साहेब काळजीत पडले. कुणी म्हणालं दुष्काळ, कुणी म्हणालं तेल काढणारे. कुंपण आलं, राखणदार आला. तेल काढणारे दोघे एकदा सापडले तेव्हा मामांनी त्यांना अशा शिव्या दिल्या की राखणदारही लाजला. त्या रागात किती खोट होती ते फक्त मामांनाच माहीत होतं. कुंपण घातल्यावरही बिळं कमीच होत राहिली. दोनशेवर होती, ती शंभर झाली, साठ झाली, यंदा एकोणीस होती.

साहेब निवृत्त झाले आणि चार वर्षांनी गेले. मामा शेवटपर्यंत त्यांच्याकडे जात होते. आजारपणात साहेब त्यांना एकच विचारायचे, "यंदा किती बिळं रे?" मामा आकडा सांगायचे, साहेब छताकडे बघत राहायचे. "आपलं काय चुकलं?" असं एकदा म्हणाले. त्या वेळीही मामा बोलले नाहीत. मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि ते निमित्त आहे हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

साहेबांच्या जागी मधे दोघंतिघं येऊन गेले, आणि दोन वर्षांपूर्वी मॅडम आल्या. तरुण, भराभर चालणाऱ्या, मामांशी फार आदराने वागणाऱ्या. यंदा त्यांना अकरा किलोमीटरवर, विमानांच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीच्या कडेला, सांड्यांची नवी वस्ती सापडली. तीनशेच्या वर बिळं! तिथे ना कुंपण ना राखणदार, आणि तरी सांडे फोफावलेले. मॅडम आनंदाने वेड्या व्हायच्या बाकी होत्या.

"मामा, तुमचा हा शेवटचा महिना. माझ्या दोन विद्यार्थ्यांना तेवढं खुणा करायला शिकवून जा. साहेबांचीच रीत ठेवू, म्हणजे एकतीस वर्षांच्या नोंदींशी तुलना करता येईल. सोमवारी सकाळी सुरुवात. तुमच्यासारखा हात पुन्हा कुठे मिळणार?"

मामांनी मान हलवली. "नाही" म्हणायला तोंड उघडलं नाही. हे सोमवारच्या आधीच्या मंगळवारी झालं.

गुरुवारी संध्याकाळी बिळं मोजायला म्हणून ते एकटेच धावपट्टीवर गेले. डांबराला भेगा पडून त्यातून झुडपं वर आली होती. ऊन उतरलं तसे सांडे एकेक करून परतू लागले. मामा पालथे झोपले आणि त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. समोरचा एक नर आत गेला, वळला. वीसच्या वीस बोटं शाबूत. दोन्ही पाय एका लयीत माती ओढत होते. मामांनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटांत दार लागलं. मामा जवळ गेले, बोटाने दाबून पाहिलं. माती घट्ट बसली होती, कुठेही फट नव्हती. पुढचं बीळ पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. सगळी तशीच.

केंद्राच्या माळावर दार लावायला पंचवीस मिनिटं लागत आणि तरी ते लागत नसे. इतकी वर्षं तेच पाहून मामांना ते तसंच असतं असं वाटू लागलं होतं. पुरं दार कसं दिसतं हे ते विसरून गेले होते. भेगाळलेल्या डांबरावर बसून साठीचा हा माणूस ओक्साबोक्शी रडला. बघायला तिथे कुणी नव्हतं, नाहीतर त्यांना तेही जमलं नसतं.

घरी आले तेव्हा मामी भाजी निवडत होत्या. मामांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि समोर येऊन बसले.

"सोमवारी धावपट्टीवरच्या सांड्यांची बोटं कापायची ठरलीत," ते म्हणाले.

मामींचा हात थांबला. "अजून? इतकं माहीत असूनसुद्धा?"

"कुणाला माहीत असून?"

"कुणाला म्हणजे? तुम्ही सांगितलंत ना तेव्हा साहेबांना. 'सात-नऊ' गेली तेव्हा. उद्याच सांगतो म्हणाला होतात."

मामांनी खाली पाहिलं. मामींना समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर त्यांनी भाजीचं ताट बाजूला सरकवलं.

"म्हणजे तुम्ही सांगितलंच नाहीत?"

"नाही."

"आणि मी पंचवीस वर्षं त्या माणसाला दगड समजत आले!" मामी म्हणाल्या. "घरी आले तर चहासुद्धा धड दिला नाही मी त्यांना. कळून सवरून जनावरांचे हाल करतो म्हणून. ते गेले तेव्हा त्यांच्या बायकोला भेटायला आले नाही मी. तुम्ही चला म्हणालात, मी डोकं दुखतंय म्हणाले. आठवतंय?"

मामांना आठवत होतं. डोकेदुखीवर त्यांचा तेव्हाही विश्वास बसला नव्हता, पण तिच्या मनात काय असेल ते त्यांनी विचारलं नव्हतं.

"तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं मला, की मी बोललो नाही म्हणून," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि मामांना तो चढलेला चालला असता. "मी काय तुम्हाला खाल्लं असतं?"

मामींनी ताट पुन्हा पुढे ओढलं आणि उरलेली भाजी निवडून टाकली. जेवण झालं. मामींनी भांडी आवरली आणि मग एवढंच म्हणाल्या, "सोमवारच्या आत जा."

शनिवारी सकाळी मामा मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमच्या टेबलावर चार नव्या कात्र्या होत्या, वेष्टनातून नुकत्याच काढलेल्या. मामांनी खुर्चीवर बसायचं नाकारलं आणि उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. दार, फट, उजवं अंग, डावं अंग, पंचवीस मिनिटं आणि चार मिनिटं. मॅडम आधी ऐकत होत्या, मग त्यांनी वही ओढली, मग लिहिता लिहिता त्यांनी कात्र्यांवर फडका टाकला. मध्येच उठून त्यांनी विद्यार्थ्यांना फोन केला आणि सोमवारचं काम रद्द झालं म्हणून सांगितलं. फोटो काढून, शेपटीच्या कड्यांवरून ओळखता येतं का ते पाहू, असं काहीतरी त्या बोलत होत्या. मामांच्या कानावर ते अर्धवट येत होतं. धावपट्टीवरचे तीनशे सांडे सुटले होते.

मॅडम परत येऊन बसल्या. "मामा, हे फार महत्त्वाचं आहे. मला तारीख घालून लिहावं लागेल. तुमच्या कधी लक्षात आलं हे?"

प्रश्न अगदी सरळ होता. "परवा" असं उत्तर दिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. परवाच तर ते धावपट्टीवर गेले होते, परवाच तर त्यांनी चार मिनिटं मोजली होती. मॅडमनी पाठ थोपटली असती. महिनाअखेरीला निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, त्यात हीच गोष्ट सगळ्यांना सांगितली असती, की बघा, जाता जातासुद्धा मामांची नजर कशी आहे. सांडे वाचलेच होते. मेलेल्यांचा त्यात काही फायदा नव्हता. मामांना 'परवा' हा शब्द जिभेवर आलेला स्पष्ट कळला.

"सहाव्या वर्षी," ते म्हणाले. "तीन बोटं सुरू व्हायच्या आधी."

मॅडमनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, मामांची काहीतरी गल्लत होते आहे. "म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी?"

"हो."

 मॅडमच्या चेहऱ्यावरचा आदर कसा ओसरत गेला ते मामांना दिसलं, आणि त्यांनी मान वळवली नाही. "त्यानंतर किती जणांना खुणा केल्यात?" असं विचारून त्या नोंदवह्यांच्या कपाटाकडे जायला उठू लागल्या.

"बसा," मामा म्हणाले. "वही बघायला नको. चौदाशे सहा सांडे. पहिल्या अकराशे चाळिसांची तीन तीन, नंतरच्या दोनशे सहासष्टांची चार चार. चार हजार चारशे चौऱ्याऐंशी बोटं."

मॅडमनी लिहून घेतलं. पेन ठेवताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "साहेबांच्या पुस्तकातलं ते वाक्य आता खोटं ठरणार, मामा. मला तसं छापावं लागेल. लोक म्हणतील, त्यांनी नीट पाहिलंच नाही."

"तसं नका लिहू," मामा म्हणाले.  "माझं नाव घाला. खरं नाव, कारकुनाकडे आहे ते. आणि त्याखाली लिहा, साहेबांनी त्याला विचारलं होतं."